वाफेपाशी अडलेला शब्द

रविवारी सकाळी कामाग्वे शहरातून ओफेलियाचा फोन आला तेव्हा मिग्दालिया तांदूळ निवडत होती. ओफेलिया तिची मामेबहीण. हिला आयुष्यभराची एक खोड होती: काडी लावायची आणि धूर दिसायच्या आत पसार व्हायचं.

"झेनायदाचा नवा व्हिडिओ पाहिलास का गं?"

"मी कशाला पाहू? जिला अंडं उकडता येत नव्हतं ती आता दुनियेला स्वयंपाक शिकवतेय. बघणाऱ्यांच्या पोटाला देव सांभाळो."

"त्यात तुझं नाव घेतलंय तिनं."

मिग्दालियानं वेचलेला खडा पुन्हा तांदळात पडला. "काय म्हणाली?"

"ते माझ्या तोंडून नको. तुझं तू ऐक," असं म्हणून ओफेलियानं फोन ठेवूनही दिला.

झेनायदा ही मिग्दालियाची धाकटी सख्खी बहीण. अकरा वर्षांपूर्वी ती अमेरिकेत मायामीला गेली आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. कारण गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे गल्लीनं आपली सात-आठ कारणं तयार करून ठेवली होती. मिग्दालियानं पस्तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं, रोज दोनशे मुलांना जेवू घातलं, एक दिवस भात करपला नाही. आणि झेनायदा इंटरनेटवर 'झेनाची चूल' मांडून बसली होती. लोक ते बघत होते, हे मिग्दालियाला जास्त झोंबत होतं.

बघायचं तर कशावर? त्या साली क्युबात मोबाइलवर इंटरनेट अजून आलेलं नव्हतं. बऱ्यापैकी फोन असलेले लोक चौकातल्या बाकांवर जाऊन बसत, कारण वायफाय तिथेच मिळायचं. पण घरची धुणी चौकात नेऊन धुवायची मिग्दालियाची तयारी नव्हती. राहता राहिला एव्हेलियोचा कॉम्प्युटर.

एव्हेलियो म्हणजे तिचा नवरा. रेल्वेत कारकून होता, जाऊन चार वर्षं झाली. कचेरीनं मोडीत काढलेला हा कॉम्प्युटर त्यानं सायकलवरून दोन खेपांत घरी आणला होता. तेव्हाच तो म्हातारा होता. आता तर त्याला चालू व्हायला कॉफी उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंतचा वेळ लागे. मिग्दालियानं त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं, वर चिनी मातीचा हंस ठेवला होता, आणि दुपारी ती त्यावर पत्ते खेळायची. वसंतात टेलिफोनच्या तारेवरून घरात इंटरनेट आलं तेही तिनं गल्लीत पहिलं घ्यायचं म्हणून घेतलं होतं.

तिनं हंस उचलला, झाकण काढलं आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. भर उन्हाळ्यात, सकाळी दहाला लावलेल्या खिडक्या बघून शेजारची नेरेइदा दोन मिनिटांत मीठ मागायला आली.

"कुणी गेलं का गं?"

"कुणी नाही गेलं. मीठ घे आणि तू जा."

नेरेइदानं मीठ घेतलं आणि खुर्चीही घेतली.

व्हिडिओ उघडायलाच सात मिनिटं लागली. मग झेनायदा दिसली. केस लाल केलेले, अंगावर फुलाफुलांचा एप्रन, पुढ्यात रताळी. आज ती बोनियातिल्यो करणार होती, म्हणजे रताळ्याचा आईच्या हातचा गोड पदार्थ. मिग्दालियाचे ओठ आवळले गेले. झेनायदा दोन शब्द बोलायची आणि गोठायची, परत दोन शब्द, परत गोठायची. मधल्या वेळात पडद्यावर एक चाक फिरत राहायचं. अर्ध्या तासात दोघींनी दीड मिनिटाचा व्हिडिओ पाहिला. मग झेनायदानं पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफेचा भपकारा आला आणि ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली:

"ही आमच्या आईची कृती. आणि माझी बहीण मिग्दालिया, ती तर आहेच चो-चो-चो-चो..."

आणि सगळंच थांबलं. झेनायदाचं तोंड गोल, डोळा अर्धा मिटलेला. चाकही फिरायचं बंद झालं. मिग्दालियानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. पुन्हा सात मिनिटं, पुन्हा दीड मिनिट, पुन्हा वाफ, पुन्हा "चो-चो-चो".

"चोंबडी," नेरेइदा म्हणाली.

"काय?"

"मी नाही म्हणत, ती म्हणत असेल. 'चो'नं आणखी काय सुरू होतं?"

आणखी काय सुरू होतं ते मिग्दालियाला पक्कं माहीत होतं.

दुपारच्या जेवणापर्यंत गल्लीभर झालं. समोरचा न्हावी बाल्दोमेरो दुकान अर्धं मिटून आला. तो कानानं अधू होता, पण ओठ वाचण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी त्याची समजूत होती. गोठलेल्या झेनायदाकडे त्यानं नाक टेकवून पाहिलं आणि निकाल दिला, "म्हणतेय 'बोकड'."

"बहिणीला कुणी बोकड म्हणतं का रे?"

"रागात माणूस नर-मादी बघत नाही."

"उस्तादांना बोलवा," नेरेइदानं फर्मान काढलं, आणि स्वतःच बोलवायला गेली.

उस्ताद म्हणजे एलेउतेरियो. गावातल्या थिएटरात चौतीस वर्षं त्यानं सिनेमे दाखवले. थिएटर बंद पडल्यावर तो रेडिओ, पंखे, कॉम्प्युटर, जे म्हातारं होऊन दारात येईल ते दुरुस्त करू लागला. एक पाय किंचित आखूड. हातात पत्र्याची पेटी. आत आल्यावर त्यानं कुणाशी न बोलता आधी कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"मिग्दालियाबाई, ह्याला दोन दुखणी आहेत," तो म्हणाला. "एक म्हणजे तार बारीक, चित्र थेंबथेंब येतंय. दुसरं म्हणजे याचं वय. आलेला घास याला चाववत नाही. दोन्हींवर वेगळं औषध."

"शब्द ऐकू आला की झालं, उस्ताद. एकच शब्द."

"मी शब्द विकत नाही, खेळ दाखवतो. दाखवीन तर अख्खा दाखवीन."

त्यानं कॉम्प्युटरची कूस उघडली. आतून रेल्वेच्या कचेरीची बारा वर्षांची धूळ, एक वाळलेली पाल आणि एव्हेलियोची हरवलेली शर्टाची गुंडी निघाली. मिग्दालियानं गुंडी मुठीत धरली. धुळीचा नमदा पंख्यावर इतका घट्ट बसला होता की एलेउतेरियोनं इकडेतिकडे पाहून टेबलावरचा ब्रश उचलला.

"अहो, तो माझा केकवर अंडं फिरवायचा ब्रश आहे!"

"होता," एलेउतेरियो म्हणाला.

साफसफाई झाल्यावर त्यानं आत शिरून बसलेले नको ते कार्यक्रम बंद केले. त्यांत रोज हवाना आणि मॉस्कोचं हवामान सांगणारा एक होता, आणि दर तासाला "शुभ दिवस, एव्हेलियो!" म्हणणारा एक पोपट होता. पोपटाला बंद करण्याआधी एलेउतेरियोनं मिग्दालियाकडे पाहिलं. "याचंही ओझं आहे," तो हळूच म्हणाला. तिनं मान हलवली. पोपट गेला.

"आता ऐका. त्या साइटवर बसून बघायचं नाही. ती जागाच जड आहे; चित्र बघायच्या आधी तिच्या जाहिराती आणि झिरमिळ्याच यानं उचलायच्या. आपण अख्खं रीळ आधी घरात उतरवून घेऊ. पूर्ण रीळ हातात आल्याशिवाय मी कधी दिवे घालवले नाहीत."

"किती वेळ लागेल?"

"पाऊण तास."

पाऊण तास म्हटल्यावर लोकांनी घरून खुर्च्या आणल्या. नेरेइदानं भाजलेले शेंगदाणे आणले. मिग्दालियाला झक मारत कॉफी करावी लागली, आणि ती कपबशा फिरवत असताना बैठकीतली चर्चा तिच्या कानावर पडत होती: चोंबडी की चोरटी? चोरटी म्हटल्यावर कुणीतरी हसलं, "मिग्दालिया? ती शाळेतली खरवडसुद्धा मोजून परत करायची!"

मिग्दालियानं हातातली भरलेली कपबशी तशीच परत आत नेली.

पंचवीस टक्के झाले, साठ झाले, ऐंशी झाले. बाकीचे उकाड्याला कंटाळून रस्त्यावर सावलीत जाऊन बसले होते. एलेउतेरियो हात धुवायला परसात गेला. बाल्दोमेरो पेंगत होता, नेरेइदा दारात उभी राहून आतली हकिगत रस्त्यावर पोचवत होती. मिग्दालिया कॉम्प्युटरच्या मागे फडकं फिरवू लागली. फडक्याखालून तिचा हात टेलिफोनच्या तारेपर्यंत गेला, आणि तार निघाली.

लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिनं तार परत खोचली. पण ब्याण्णववर पोचलेला आकडा लाल झाला होता.

एलेउतेरियो हात पुसत आला. पडद्याकडे पाहिलं, मागे वाकून तारेकडे पाहिलं, मग मिग्दालियाकडे. "नेरेइदा, तुझ्या घरून थोडं बर्फाचं पाणी आण बघू," म्हणून त्यानं तिला बाहेर काढलं आणि आवाज खाली आणला.

"ही तार आपणहून निघत नाही, बाई. तिला खटका असतो."

"थिएटरात असताना एक बाई माझ्याकडे यायच्या. म्हणायच्या, या सिनेमात शेवटी तो तिला सोडून जातो, तेवढा तुकडा काढा ना उस्ताद. मी म्हणायचो, काढीन, पण तो जायचा तो जाणारच. फक्त तुम्हाला दिसणार नाही."

तेव्हा मिग्दालियानं, फडक्याची घडी करत करत, अकरा वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. बोनियातिल्योची कृती आईनं औषधाच्या कागदी पिशवीच्या मागे लिहून ठेवली होती, स्वतःच्या अक्षरात. झेनायदा देश सोडून निघाली तेव्हा तिनं फक्त तेवढी पिशवी मागितली. मिग्दालिया म्हणाली, हरवली. हरवली नव्हती. शिवणयंत्राच्या खणात होती, अजूनही आहे. "ती सगळंच टाकून चालली होती, उस्ताद. मला वाटलं, मग हेही राहू दे इथंच. टॅक्सीत बसताना तिनं मला एकच शब्द म्हटला आणि काच वर केली. 'चोरटी'. आता तोच जगाला सांगतेय."

एलेउतेरियोनं थोडा वेळ आपल्या पेटीचं झाकण उघडलं-मिटलं. "मग तर नीट ऐकायला हवा," तो म्हणाला. "अर्धाच अडकला तर रोज वाजत राहील. सांगा, पुन्हा उतरवू?"

"उतरवा," मिग्दालिया म्हणाली. आणि नेरेइदा पाणी घेऊन येताना दिसली तशी मोठ्यानं: "तारेत पाल गेली होती!"

दुसऱ्या पाऊण तासात मिग्दालियानं तारेला कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःलाही नाही. खुर्ची मागे लावून राखण करत बसली. चार वाजता रीळ पूर्ण उतरलं. खिडक्यांचे पडदे ओढले, वीस-बावीस माणसं दाटीवाटीनं बसली आणि एलेउतेरियोनं कळ दाबली.

झेनायदा आता न अडखळता बोलत होती. रताळी सोलली, चिरली, पातेल्यात टाकली. लोक माना डोलवू लागले. मग तिनं झाकण उचललं, वाफ आली, "माझी बहीण मिग्दालिया, ती तर आहेच चो-चो-चो..."

"लंगड्या, बाटली सोड!" मागून बाल्दोमेरो ओरडला. थिएटरात रीळ अडकलं की तो पिऊन बसलाय असं धरून अख्खं गाव एलेउतेरियोला हेच ओरडायचं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पाय आपटले. एलेउतेरियोचे कान लाल झाले. पण चौतीस वर्षांत तो शिट्ट्यांनी घाईला आला नव्हता.

"वाफ," तो स्वतःशीच म्हणाला. "दर वेळी वाफेपाशीच. अहो, उभी असलेली बाई याला झेपते, कारण ती जिथल्या तिथे असते. वाफेचा कण न् कण हलतो, मग यानं दर क्षणाला अख्खं चित्र नव्यानं रंगवायचं. म्हाताऱ्यानं जिना चढावा तशी गत झाली." तो वळला. "मिग्दालियाबाई, ही साइट चित्र नव्या तऱ्हेनं आवळून बांधून पाठवते. गाठ सोडतानाच याचा जीव जातो. पण जुन्या बांधणीतलंही ठेवतात एक. लहान आहे, जरा फिकट दिसेल. चालेल?"

"पुन्हा पाऊण तास?"

"पंधरा मिनिटं. लहान आहे म्हटलं ना."

त्या पंधरा मिनिटांत त्यानं पडद्यामागचं समुद्रकिनाऱ्याचं चित्र काढून टाकलं, रंग कमी केले, साध्यातला साधा प्लेअर शोधला ज्याला चालव आणि थांबव यापलीकडे काही येत नव्हतं, आणि नेरेइदाचा टेबलफॅन आणवून कॉम्प्युटरच्या उघड्या कुशीवर लावला. नेरेइदा उकाड्यात घामाघूम झाली, पण बोलली नाही. एवढ्या मोठ्या कामात तिचा पंखा होता.

पुन्हा कळ. झेनायदा आता पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी आणि जरा धुवट दिसत होती. चिरली, टाकली, झाकण उचललं. वाफ आली, वळसे घेत वर गेली, आणि विरली. कुठेही न अडता.

"ही आमच्या आईची कृती. आणि माझी बहीण मिग्दालिया, ती तर आहेच चोखंदळ! इतकी चोखंदळ की आमची आईसुद्धा तिला चाखायला दिल्याशिवाय पातेलं उतरवायची नाही. तिच्यासारखा बोनियातिल्यो अख्ख्या क्युबात कुणाला जमत नाही. असो. आता लिंबाची साल घ्या..."

नेरेइदाचा चेहरा हातातोंडाशी आलेला घास काढून घेतल्यासारखा झाला. "चोखंदळ," ती पुटपुटली. "एवढंच?"

"मी काय म्हणत होतो, बोकड," बाल्दोमेरो समाधानानं म्हणाला.

मिग्दालियाला मात्र चोरटी म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. शिवी आली की परत देता येते. हे कौतुक घेऊन ती काय करणार होती? तिचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनी तिला दिसलं की झेनायदा लिंबाची साल जाडजूड, आतल्या पांढऱ्या भागासकट कापून पाकात टाकतेय.

"पांढरं काढ!" मिग्दालिया उभीच राहिली. "अगं, पांढरं खरवड आधी, कडू होईल सगळं!"

झेनायदानं पांढरं काढलं नाही. उलट पातेलं चुलीवर असतानाच तिनं त्यात अंड्याचे बलक ओतले.

"आचेवर? आचेवर बलक?" मिग्दालिया पडद्याला बोट लावून ओरडत होती. "फाटतील ना गं मूर्ख! उतरव! खाली उतरव आधी! नेरेइदा, फोन दे मला. ओफेलियाकडून नंबर घे. आत्ताच्या आत्ता!"

ओफेलियाकडे नंबर तयार होता. जणू ती फोनवर हात ठेवूनच बसली होती.

घंटी दोनदा वाजली आणि अकरा वर्षांनी झेनायदाचा आवाज आला, "हॅलो?"

"बलक कुणी आचेवर घालतं का?" मिग्दालिया म्हणाली.

तिकडून झेनायदा म्हणाली, "ठेव, तुला महाग पडेल. मी लावते उलटा." आणि लगेच घंटी. मिग्दालिया फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं. एलेउतेरियो दारासमोर खुर्ची घेऊन बसला. त्यामुळे नेरेइदाला फक्त तुकडे ऐकू आले.

"कागद माझ्याकडे आहे," आत मिग्दालिया म्हणाली. "तेव्हाही होता."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"शिवणयंत्राच्या खणात. तू ठेवताना मी पाहिलं होतं. तेव्हा काढूनही घेता आला असता मला. पण मला वाटलं, तू आपणहून देशील. टॅक्सीची काच वर करेपर्यंत वाटत होतं."

मिग्दालियानं ओट्याला टेकून हातातल्या गुंडीकडे पाहिलं. दुपारपासून कॉफी करताना, तारेची राखण करताना, ती तशीच मुठीत राहिली होती. "मग तो पांढरा भाग? ते बलक?"

"दोन वर्षं व्हिडिओ करतेय मी. तू बघत नव्हतीस. चांगलं केलं तर तू कशाला फोन करशील? म्हणून म्हटलं, आईचाच बोनियातिल्यो बिघडवू, आणि ओफेलियाला म्हटलं, तू काडी लाव."

मिग्दालिया इतकी मोठ्यानं हसली की बैठकीतले सगळे दचकले. मग हसू थांबलं. "खोटं बोलतेस. तुला खरंच येत नव्हतं."

"सालीचं मुद्दाम केलं."

"आणि बलकांचं?"

"ते किती वेळ उतरवून ठेवायचं असतं गं?"

"बोट बुडवून दहा मोजेपर्यंत ठेवता येईल इतपत निवलं की. आणि बलक तीन, पाच नाही. पाच म्हणजे माज."

"आई चार घालायची."

"तीन!"

"चार, मिग्दालिया, मी शेजारी उभी असायचे."

"तू शेजारी उभी राहून पातेलं चाटायचीस. थांब, कागद आणते. पेन्सिल घे हातात. आणि नीट लिही, तुझं अक्षर तुलाच लागत नाही."

ती बैठकीतून शिवणयंत्राकडे जायला निघाली तेव्हा पडद्यावर झेनायदा फाटलेला बोनियातिल्यो वाटीत काढून हसत होती, एकदाही न अडखळता. एलेउतेरियो दारासमोरच्या त्याच खुर्चीवर हात बांधून, मान ताठ करून तो शेवटपर्यंत बघत होता. मिग्दालियानं खण उघडला, पिशवी काढली आणि चष्मा न लावताच पहिल्या ओळीवर बोट ठेवून फोनमध्ये म्हणाली, "लिही. रताळी, पांढरी, दोन मोठी."